लग्नाच्या आठवड्यातला अपग्रेड

सोमवारी सगळं व्यवस्थित चालू होतं, हे व्हर्लिन टोस्टेनरूड त्यानंतर कित्येक महिने भेटेल त्याला सांगत होता. सोमवारी दुपारी त्याने चर्चच्या गॅलरीतला कम्प्युटर सुरू केला, बायको आर्डिसच्या ऑर्गनचं रेकॉर्डिंग लावलं, भिंतीवरच्या दोन्ही स्पीकरांतून सूर घुमला, रिकाम्या बाकांनी तो ऐकून घेतला, आणि व्हर्लिन समाधानाने घरी जाऊन जेवला. शनिवारी दोन वाजता गावातल्या कायाचं लग्न होतं. शहाणा माणूस मधले चार दिवस त्या कम्प्युटरच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. पण व्हर्लिन लिनक्सवाला होता, म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कम्प्युटर सिस्टिमचा भक्त, आणि लिनक्सवाल्याला नीट चालू असलेली वस्तू फार वेळ बघवत नाही.

मंगळवारी सकाळी त्याच्या मनात आलं की एवढं मोठं कार्य आहे, तर खबरदारी म्हणून सगळी सिस्टिम अपग्रेड करून घ्यावी. जगात आजवर जेवढी वाटोळी झाली, त्यातली निम्मी तरी खबरदारी म्हणूनच झाली असावीत. अपग्रेड मात्र उत्तम झाला. पडद्यावर शेकडो ओळी सरसर वर गेल्या, एकीनेही तक्रार केली नाही. मग अडगळ खपत नाही म्हणून त्याने जुनी आवृत्तीही झाडून पुसून काढून टाकली, म्हणजे परतीची वाटच ठेवली नाही. कम्प्युटर बंद केला, चालू केला, रेकॉर्डिंग लावलं.

काही वाजलं नाही.

त्याने आवाज वाढवला. तारा काढल्या, फुंकर मारली, परत लावल्या. कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर एक लाल फुली होती. शेवटी त्याने कम्प्युटरला कमांड देऊन सरळ विचारलं, की बाबा, तुझ्याजवळ साउंड कार्ड कोणतं आहे? कम्प्युटरने सरळ उत्तर दिलं, की कोणतंच नाही. यादीत तळघरातल्या टीव्हीला जाणाऱ्या तारेचं नाव तेवढं होतं, आणि ती तर चित्राची तार. ज्या कार्डाने काल अख्खं चर्च दणाणून सोडलं होतं, ते आपल्या पोटात कधी होतं हेच तो कम्प्युटर कबूल करायला तयार नव्हता.

इथे कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, दुसरं काहीतरी लावा. गावाने तेच म्हटलं. पण व्हर्लिनची अडचण समजून घ्यायला हवी. चौतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलणारा ट्रक चालवून तो निवृत्त झाला, तेव्हा चर्चचा कम्प्युटर मोडीत निघाला होता. चर्चच्या मंडळापुढे उभं राहून व्हर्लिनने सांगितलं, की नवा आणू नका, मी त्यावर लिनक्स घालून देतो, ते कधी बिघडत नाही. 'कधी बिघडत नाही' हे शब्द सेक्रेटरीने इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून ठेवले होते. ओस्लंडसारख्या सहाशे वस्तीच्या गावात माणसाचं लग्न एक वेळ लोक विसरतील, इतिवृत्त विसरत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट आर्डिसची. व्हर्लिनची बायको आर्डिस एकेचाळीस वर्षं त्या चर्चचा ऑर्गन वाजवत होती. मार्चमध्ये टपालाच्या पेटीपाशी बर्फावरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघेल, मग बघू, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि त्याच्या 'बघू'चा सूर दोघांनाही आवडला नव्हता. काया तिची सहा वर्षांची असल्यापासूनची विद्यार्थिनी. तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत. हाताची बातमी कळल्यावर ती घरी आली आणि प्लास्टरकडे बघत म्हणाली, "बाई, मी तुमच्या वाजवण्यावर चालत येणार. नाहीतर दारातच उभी राहीन."

"अगं, कशाने वाजवू? नाकाने?" आर्डिस म्हणाली.

तेव्हा व्हर्लिनच पुढे झाला होता. नाताळात त्याने सहज म्हणून आर्डिसचा सराव रेकॉर्ड करून ठेवला होता, त्यात कायाला हवी ती चाल होती. "मी वाजवतो," तो म्हणाला. "म्हणजे तीच वाजवेल. कम्प्युटरवरून." आर्डिसने त्याच्याकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. कार्ड सापडलं नाही तर हा रंग पुन्हा उतरणार होता.

बातमी फुटायला तासही लागला नाही. पहिला आला तो शेजारचा डेल्मर हॉगेन. डेल्मरला कम्प्युटरमधलं काही कळत नसे, आणि त्यामुळे त्याचा सल्ला कधी अडत नसे.

"बंद करून तीसपर्यंत मोज," डेल्मर म्हणाला.

"मोजले."

"हळू मोजलेस का?"

"डेल्मर, कार्ड सापडत नाहीये."

"मग कुठे ठेवलं होतंस?" डेल्मरने खाली वाकून टेबलाखाली बघितलं. मग कंबर सरळ करत अत्यंत नम्रपणे म्हणाला, "हे बघ, मला काही पुढे पुढे करायचं नाही. पण अगदीच नड पडली तर माझं अकॉर्डियन आहे. गाडीतच असतं."

डेल्मरचं अकॉर्डियन गाडीतच असतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आपापल्या परीने ती नड टाळत आले होते. त्याला तीन चाली येत. त्यातल्या दोन पोल्का, म्हणजे उड्या मारत नाचायच्या चाली, होत्या आणि तिसरी पोल्का नसूनही त्याच्या हातात आली की पोल्का होई. व्हर्लिनने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

पास्टर लोईसबाई आल्या. त्या नव्या, तरुण, सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या. "व्हर्लिन, मला वाटतं फोनवरून वाजवलं तरी चालेल ना? फोन स्पीकरला जोडायचा, झालं."

"मुद्दा फोनचा नाही, पास्टरबाई."

"नाही का?"

"नाही. आणि मागच्या अंत्यविधीला मयताच्याच फोनवरून प्रार्थना लावली तेव्हा मधेच दातांच्या दवाखान्यातून फोन आला होता. मयताला दात दाखवायची वेळ द्यायला."

पास्टरबाईंनी हसू दाबलं आणि खबरदारी म्हणून रेकॉर्डिंग फोनवरही घालून ठेवण्याचं वचन घेऊन त्या गेल्या. व्हर्लिनने वचन दिलं, पण मन दिलं नाही.

बुधवारी त्याला शंका आली की दोष कार्डात नसून स्पीकरांचा ॲम्प्लिफायर ठेवलेल्या कपाटात असेल. कपाटाला कुलूप. किल्ली मर्लकडे. मर्ल हा चर्चच्या मालमत्ता समितीचा अध्यक्ष, आणि गेली नऊ वर्षं समितीत त्याच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तो धान्याच्या गोदामात कामाला होता. व्हर्लिन तिथे गेला.

"किल्ली काय, लगेच देतो," मर्ल म्हणाला. "अर्ज केलास की झालं. अर्ज समितीपुढे ठेवावा लागतो."

"समिती म्हणजे तूच ना?"

"हो. पण समिती पहिल्या सोमवारी बसते."

"मर्ल, लग्न शनिवारी आहे."

"मला माहीत आहे. मला आमंत्रण आहे." मर्लला खरंच वाईट वाटत होतं. "आत्ता दिली तर मग उद्या कोणीही मागेल. मागच्या खेपेला कपाट उघडं राहिलं आणि खालच्या टीव्हीचा रिमोट दोन महिने हरवला. आता रिमोटसुद्धा कपाटातच ठेवतो. शनिवारी दुपारी पास्टरबाईंचा माइक काढायला येईन तेव्हा उघडेनच."

तिथून व्हर्लिन तीस मैलांवरच्या गावी गेला, कारण तिथल्या वाचनालयात दर तिसऱ्या बुधवारी लिनक्सवाल्यांचं मंडळ भरे. मंडळात तीन सभासद होते. तिघांचं लिनक्स वेगवेगळं होतं, आणि तिघांनाही इतर दोघांबद्दल कीव वाटे. व्हर्लिनने आपलं गाऱ्हाणं मांडलं. पहिला म्हणाला, तू वापरतोस तेच चूक आहे, माझंवालं घाल. दुसऱ्याने पहिल्याला विचारलं, तुझ्यावाल्यात प्रिंटर चालायला लागला का? तिथून जी जुंपली ती वाचनालय बंद होईपर्यंत चालली. साउंड कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. व्हर्लिनला मात्र बरं वाटलं, आपल्या माणसांत गेल्यावर वाटतं तसं.

गुरुवारी त्याने फोरम उघडला. ज्यांना फोरम माहीत नाही त्यांनी असं समजावं, की जगभरातली लिनक्सची जाणकार मंडळी एका ठिकाणी फुकट मदत करायला बसलेली असतात आणि मदत मागणाऱ्याचा त्यांना मनापासून राग येतो. व्हर्लिनने चष्मा चढवला, नजर अधू म्हणून अक्षरं नेहमीसारखी दुप्पट मोठी करून घेतली, आणि आपली हकिगत सविस्तर लिहिली. पहिलं उत्तर आलं की हा प्रश्न चुकीच्या विभागात आहे. त्याने विभाग बदलला. दुसरं उत्तर आलं की हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. त्याने तो पूर्वीचा प्रश्न काढला. बारा वर्षांपूर्वी कोणा बिचाऱ्याने अगदी हेच विचारलं होतं, आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. व्हर्लिन त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत बसला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि तळघरातल्या स्वयंपाकघराची प्रमुख बोर्घिल्ड ताटली घेऊन वर आली. ताटलीत चॉकलेटच्या वड्या होत्या.

"म्हटलं, तुला जरा गोड खावंसं वाटत असेल," बोर्घिल्ड म्हणाली.

हा योगायोग विलक्षण होता. मंगळवारपासून असंच चाललं होतं. व्हर्लिनने चुकीची फाइल उडवली की दोन मिनिटांत वर कॉफी येई. एकदा त्याने रागाने पडद्यावर एक शब्द टाइप केला आणि लगेच खोडला, तर बोर्घिल्ड पाण्याचा ग्लास घेऊन आली. एरवी त्या कडक बाईकडून दुसरा कप मिळवायला पुण्य लागे. लग्नघरात माणसं सैलावतात, अशी व्हर्लिनने स्वतःची समजूत घातली. खाली लग्नाच्या जेवणाची तयारी जोरात होती. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायला मंगळवारी चार बायका होत्या. गुरुवारपर्यंत एकोणीस झाल्या. आर्डिससुद्धा एका हाताने काय लाटणार होती कोण जाणे, पण रोज त्याच्याबरोबर गाडीतून येई आणि खाली जाऊन बसे.

दुपारी फोरमवर ग्रम्पीबॅजर नावाचा एक इसम उगवला. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच्या बोलण्यावरून तो कोणाला सांगेल असंही वाटत नव्हतं.

'एक गाणं वाजवायचं आहे ना?' त्याने लिहिलं. 'फोनवर वाजवा. आमचा वेळ का घालवता?'

व्हर्लिनने दोन बोटांनी उत्तर टाइप करायला घेतलं. पहिल्यांदा त्याने लिहिलं, मुद्दा फोनचा नाही. मग ते खोडलं. खिडकीतून बाहेर बघितलं. एप्रिल महिना, आणि अजून भुरभुर बर्फ पडत होतं. समोर माणूस नव्हता, नुसता एक चौकोन होता, म्हणून असेल, पण व्हर्लिन लिहीत गेला.

'गाणं नाही. माझी बायको आहे. एकेचाळीस वर्षं ती आमच्या चर्चमध्ये लोकांकडे पाठ करून वाजवते आहे. आमच्यात चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. मी तिसऱ्या बाकावर बसतो आणि घरी जाताना तिच्याशी हवेबद्दल बोलतो. तिच्यासारखं वाजवणारं मी दुसरं कोणी ऐकलं नाही, आणि हे मी तिला आजवर कधी सांगितलेलं नाही. कसं सांगतात ते मला माहीत नाही. आता तिचा हात मोडला आहे आणि तो पहिल्यासारखा होईल की नाही, ते डॉक्टर बोलत नाही. तिला मी शब्द दिला आहे की हे यंत्र तिला वाजवून दाखवेल. मला वाटलं होतं, ते माझ्या वतीने बोलेल.'

पाठवलं. पाठवल्यावर कान गरम झाले. जिन्यावर पावलं वाजतील म्हणून त्याने मागे बघितलं. या वेळी कोणी काही घेऊन आलं नाही. खाली एकोणीस बायका असूनही आवाज म्हणून नव्हता, लाटण्याचासुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने ग्रम्पीबॅजरचं उत्तर आलं. 'कम्प्युटरचा मॉडेल नंबर पाठवा.'

त्या क्षणापासून ग्रम्पीबॅजर वेगळाच माणूस झाला. म्हणजे बोलणं तसंच कडू होतं, पण तो उठून गेला नाही. गुरुवारी त्याने अकरा कमांडी दिल्या, शुक्रवारी सोळा. हा ड्रायव्हर काढ, तो घाल, ही ओळ लिही, ती खोड. व्हर्लिन लिहायचा, कम्प्युटर बंद करायचा, चालू करायचा आणि कळवायचा, 'नाही.' कार्ड काही सापडलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरी आर्डिसने एका हाताने पोर्क चॉप तळले आणि मोठा तुकडा मुकाट्याने व्हर्लिनच्या ताटात टाकला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मोठा तुकडा नेहमी निम्मा निम्मा कापून दोघांत जाई. व्हर्लिनला वाटलं, हिला कळलंय की उद्या माझी फजिती आहे.

"उद्या हवा बरी असेल," तो म्हणाला.

"असेल," आर्डिस म्हणाली.

शनिवारी दीडला चर्च भरलं. माणसं नेहमीप्रमाणे मागच्या बाकांपासून भरत आली. डेल्मर कडेच्या बाकावर बसला होता, आणि त्याच्या पायांशी एक मोठी काळी पेटी होती. मर्लने कपाट उघडलं, पास्टरबाईंचा माइक काढला, स्पीकर चालू आहेत ना ते बघितलं, आणि बोर्घिल्डने चार वेळा मागितल्यामुळे टीव्हीचा रिमोट तिच्याकडून सही घेऊन तिला दिला. स्वयंपाकघरातल्या बायकांना भट्टीतले हॉटडिश, म्हणजे बटाट्याचे भाजायला ठेवलेले थर, सोडून वर येता येत नव्हतं, आणि लग्नाचा निदान आवाज तरी खाली यावा एवढीच तिची इच्छा होती. मागच्या अंत्यविधीच्या वेळी कोणीतरी तो टीव्ही पार मुका करून ठेवला होता.

वर गॅलरीत व्हर्लिनने शेवटची कमांड टाइप केली. ग्रम्पीबॅजरने ती पाठवताना लिहिलं होतं, 'ही शेवटची. यापुढे मला काही येत नाही.'

लाल फुली गेली.

व्हर्लिनने डोळे चोळले. फुली खरंच गेली होती. त्याने रेकॉर्डिंग क्षणभर लावलं आणि लगेच थांबवलं, तेवढ्यात हिरव्या पट्ट्या वरखाली नाचून गेल्या. म्हणजे आवाज जात होता! आणखी वेळ लावून खात्री करता येत नव्हती, कारण नवरीच्या आधी नवरीची चाल वाजवणं बरं दिसलं नसतं. हेडफोन त्याच्या कानातल्या श्रवणयंत्रामुळे बसत नसत. पण पट्ट्या नाचल्या होत्या. त्याने ग्रम्पीबॅजरला लिहिलं, 'सुटलं, धन्यवाद,' आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बारा वर्षांपूर्वीच्या माणसाची घाई त्याला समजली.

दोन वाजले. दारात काया वडिलांच्या हाताला धरून उभी राहिली. पुढे वेदीपाशी इव्हर, तिचा नवरा मुलगा, हात कुठे ठेवावेत या विवंचनेत. आर्डिस तिसऱ्या बाकावर, प्लास्टर मांडीवर घेऊन. पास्टरबाईंनी वर बघून मान हलवली. व्हर्लिनने बटण दाबलं.

पट्ट्या नाचू लागल्या. चर्चमध्ये मात्र टाचणी पडली असती तर दचकायला झालं असतं.

दुसऱ्या कुठल्या गावात माणसं मागे वळली असती, कुजबुजली असती. ओस्लंडमध्ये एकशे चाळीस माणसं सरळ पुढे बघत राहिली, जणू नवरी शांततेतच येते अशी पद्धत आहे. दहा सेकंद गेले. वीस गेले. पास्टरबाईंचं हसू जागच्या जागी वाळायला लागलं. व्हर्लिनने घाईघाईने खिशातला फोन काढला. फोनवर एक निळी रेघ हळूहळू पुढे सरकत होती. लग्नाचा दिवस म्हणून, खबरदारी म्हणून, त्याने सकाळी फोनही अपग्रेडला लावला होता. बासष्ट टक्के झाला होता.

खाली डेल्मरच्या पेटीचं एक कुलूप टक्कन उघडलं. सगळ्या चर्चने ते ऐकलं. मग दुसरं.

आणि त्याच वेळी तळघरात बोर्घिल्डने रिमोटचं आवाज वाढवायचं बटण दाबलं. ते किती वेळ दाबून धरायचं याचा तिला अंदाज नव्हता.

जमिनीखालून ऑर्गन उसळला. आधी बाकांच्या लाकडातून, पायांच्या तळव्यांतून, आणि मग प्रवेशदारालगतच्या तळघराच्या जिन्यातून सरळ वर. आर्डिसच वाजवत होती, ते कोणीही ओळखलं असतं. दुसऱ्या ओळीवर ती एक श्वास थांबे आणि मग डावा हात भरून टाकी, तसं दुसरं कोणी करत नसे. व्हर्लिनला एका क्षणात सगळा घोळ कळला. कार्ड सापडलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी, अंत्यविधीच्या गर्दीला खाली बसून बघता यावं म्हणून, त्याने स्वतः जमिनीला भोक पाडून टीव्हीपर्यंत तार नेली होती. ग्रम्पीबॅजरच्या कमांडीने कम्प्युटरला तोंड मिळवून दिलं होतं, ते त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला; चित्राच्या तारेतून आवाजही जातो, हे व्हर्लिनच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दारात कायाने मान तिरकी करून ऐकलं.

"बाबा, बाई खाली वाजवतायत."

"अगं, पण लग्न वर आहे," तिचे वडील म्हणाले.

"मी सांगितलं होतं," काया म्हणाली, तिने दोन्ही हातांनी झगा उचलला आणि ती जिना उतरायला लागली. वडील दोन पायऱ्या मागे, झग्याचं टोक पकडून.

इव्हरने वेदीवरून हे बघितलं. तो पास्टरबाईंना "एक मिनिट हं" म्हणाला आणि मागच्या दाराने पळत सुटला. पास्टरबाई पुस्तक छातीशी धरून त्याच्या मागे. मग लोक उठले. धक्काबुक्की नाही, गडबड नाही, रविवारी कॉफीला उतरतात तसे मागच्या बाकापासून ओळीने उठले. डेल्मरने पेटी मिटली आणि तोही उतरला.

लग्न खाली लागलं, पाण्याच्या पाइपांखाली, लांब टेबलांच्या मधे. पास्टरबाई दोन मोठ्या कॉफीच्या भांड्यांसमोर उभ्या राहिल्या. भट्टीतून बटाट्याच्या हॉटडिशचा वास येत होता, आणि एकोणीस बायका हातातले टॉवेल डोळ्यांना लावून उभ्या होत्या. व्हर्लिन सगळ्यात शेवटी खाली पोचला. तोवर 'मान्य आहे' म्हणून झालं होतं. त्याने लोकांच्या डोक्यांवरून टीव्हीकडे बघितलं आणि तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

तो टीव्ही त्याचा पडदा दाखवत होता. अर्ध्या भागात हिरव्या पट्ट्या नाचत होत्या, आणि उरलेल्या अर्ध्या भागात फोरम होता. दुप्पट मोठ्या अक्षरांत, भिंतीएवढ्या टीव्हीवर, त्याचं गुरुवारचं लिखाण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एकशे चाळीस माणसं ते वाचून झाल्यावर छताकडे बघत होती.

बोर्घिल्ड त्याच्यापाशी आली.

"आम्ही काही वाचलं नाही हं, व्हर्लिन," ती हळूच म्हणाली. "मंगळवारी हवामान बघायला बटण दाबून टीव्ही लावला, तर त्यावर तू दिसायला लागलास. बटण आतच अडकलं, रिमोट मर्लकडे. मग बंद करणार कसा? आणि पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, मग दुसऱ्या दिवशी सांगणं बरं दिसेना."

"मग एकोणीस जणी कशाला आल्या?"

"लाटायला," बोर्घिल्ड म्हणाली. "आणि तो ग्रम्पीबॅजर काय म्हणतोय ते बघायला. माणूस तोंडाचा वाईट आहे, पण मनाचा चांगला निघाला."

व्हर्लिनला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण तो आधीच तळघरात होता. त्याने आर्डिसला शोधलं. ती खुर्चीवर बसून कायाच्या गळ्यात एकच हात टाकून काहीतरी बोलत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. गुरुवारीही ती इथेच, याच खुर्चीवर बसली असणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

जेवणं झाली. डेल्मरने अखेर अकॉर्डियन काढलं आणि तीनही चाली पोल्कात वाजवल्या, आणि नाचायला खुद्द नवरी उठली, त्यामुळे त्यालाही कृतार्थ वाटलं. मर्लने रिमोट परत घेऊन पोच दिली. टोस्टेनरूड दांपत्य पाच वाजता घरी निघालं.

गाडी चालवताना व्हर्लिनने पहिल्या मैलात दोनदा काच पुसली. दुसऱ्या मैलाला तो म्हणाला, "बर्फ थांबलं म्हणायचं."

"व्हर्लिन," आर्डिस म्हणाली, "त्या बॅजरला जे सांगितलंस ते मला सांग."

"तू वाचलंस की."

"वाचलं. ऐकलं नाही."

रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हतं, वळायला फाटाही नव्हता. व्हर्लिनने घसा खाकरला. चष्मा सारखा केला. स्टिअरिंगकडे बघत तो म्हणाला, "तू फार सुंदर वाजवतेस, आर्डिस."

"काय?" ती म्हणाली. "हीटरचा आवाज फार येतोय."

व्हर्लिनने हीटर बंद केला आणि पुन्हा सांगितलं.